साळ नदी, मडगावचं सांडपाणी आणि न जोडलेली घरं

सासष्टीकर | रविवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात इथे मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवरून बरीच खडाजंगी झाली. जहाजांवरचं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न रास्तच आहे, तो विचारत राहायला हवा. पण एवढ्या चर्चेत साळ नदीचं नाव कुणी घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. म्हणून हा वेगळा धागा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात आपल्या एवढ्याशा गोव्यातले ११ होते. मंडळ बीओडीवरून पाच वर्ग पाडतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जेवढा प्राणवायू वापरतात तेवढा. लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेला की पहिला वर्ग, ३ ते ६ असेल तर पाचवा. मडगावचं खारेबांध ते समुद्राजवळचं मोबोर हा साळचा पट्टा तिसऱ्या वर्गात आला, म्हणजे १० ते २०. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा ३ ची आहे. गोव्याच्या अकरा पट्ट्यांत तेव्हा साळची अवस्था सगळ्यात वाईट होती.

वेर्ण्याला औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे पहिला संशय तिकडे जातो. तिकडे लक्ष हवंच. पण साळच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं जी तक्रार आहे ती विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंची, आणि हे जंतू यंत्रांतून येत नाहीत. ते आपल्या संडासांतून येतात.

साळ लहान नदी. वेर्ण्याच्या बाजूला उगम, मग नुवे, मडगावची कड, बाणावली, नावेली, वार्का, ओर्ली, कार्मोणा, चिंचिणी, असोळणा, केळशी असं करत बेतुलला समुद्रात. म्हादईसारखं घाटातून येणारं पाणी तिला नाही. पावसाळा सरला की गोडं पाणी आटत जातं आणि भरतीचं खारं पाणी आत चढतं. ओहोटीला जेवढं बाहेर पडायला हवं तेवढं पडत नाही, आणि पुढच्या भरतीला त्यातलं बरंचसं परत येतं. म्हणजे उन्हाळ्यात मडगाव नाल्यात जे सोडतं ते नदी वाहून नेत नाही, नुसतं मागेपुढे करत राहते.

आता आकडे. २०११ च्या जनगणनेत मडगाव पालिकेची लोकसंख्या ८७ हजारांच्या घरात होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, असा हिशेब योजना आखताना धरतात. त्याने रोजचे साधारण साडेनऊ दशलक्ष लिटर होतात. हॉटेलं, इस्पितळं, घाऊक मासळी बाजार, कामाला येणारी-जाणारी माणसं यात नाहीत, आणि २०११ नंतर फातोर्ड्यापासून नावेलीपर्यंत किती इमारती उठल्या ते आपण बघतोच आहोत.

शिरवड्याला प्रक्रिया प्रकल्प आहे, त्याची क्षमता नंतर वाढवली. मलनिस्सारणासाठी वेगळं महामंडळ २००१ मध्ये निघालं. २००७ मध्ये जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज मिळालं, त्यातून मडगाव, म्हापसा आणि उत्तरेच्या किनारपट्टीची कामं धरली. खास साळसाठी म्हणून राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून नावेलीसाठी ६१.७४ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. पैसाच नव्हता असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग नदी का सुधारत नाही? मला दिसतं ते असं. रस्त्याखाली वाहिनी आली, मॅनहोलवर झाकण बसलं, डांबर पडलं, आणि मॅनहोलपासून घराच्या चेंबरपर्यंतचे शेवटचे पंधरा-वीस मीटर तसेच राहिले. २००८ चा कायदा आहे, वाहिनी आलेल्या भागात जोडणी घेणं बंधनकारक आहे. तरी वाहिनीला खेटून असलेल्या कितीतरी इमारती अजून जुन्या सेप्टिक टँकवर आहेत, टँकचं वरचं पाणी पावसाच्या गटारात, आणि स्वयंपाकघर-न्हाणीघराचं पाणी तर थेट गटारात. गटार नाल्याला, नाला साळीला.

प्रकल्पाची क्षमता किती एमएलडी (म्हणजे रोजचे किती दशलक्ष लिटर), यावर विधानसभेत आणि पेपरात भरपूर बोललं जातं. त्यात प्रत्यक्ष घरांचं पाणी किती पोचतं, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न इथे विचारायचा आहे. तुमच्या इमारतीची जोडणी झाली आहे का? नसेल तर नेमकं कशावर अडलंय? मोकळेपणाने लिहा.


मिरगाचोपावस | रविवार, रात्री ९.५०

चांगला विषय. मी खारेबांधच्या बाजूला राहतो. सकाळी सातच्या सुमारास ओहोटी असली की पुलाजवळ नाल्याच्या तोंडाशी उभं राहून बघावं. नदीचं पाणी हिरवट, आणि नाल्यातून येणारा पट्टा राखाडी. बराच लांबपर्यंत दोन्ही वेगळे दिसतात. कडेला साबणाचा फेस, त्यात भाताची शितं, चहाची पूड, कोथिंबिरीच्या काड्या. भाताची शितं कुठल्या कारखान्यातून येत नाहीत. भरती लागली की हाच राखाडी पट्टा उलटा वर सरकतो.


रापणकार_केळशी | रविवार, रात्री १०.३१

आमचं घर नदीच्या खालच्या अंगाला. मडगावचे लोक साळीला नाला समजतात, आमच्यासाठी ती शेत आहे. आमची आई आणि तिच्या बरोबरीच्या बाया ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या (शिंपल्या) काढायच्या, पायाने चाचपून. आता ती म्हणते, “न्हंयेंत देंवल्यार पांयांक खाज सुटता” (नदीत उतरलं की पायांना खाज सुटते). तरण्या मुली तर उतरतच नाहीत.

तिसऱ्या, खुबे, शिणाणे हे सगळे पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. पाण्यात जंतू असले की ते यांच्या अंगात साठतात, पाण्यात असतात त्याहून कितीतरी जास्त. नीट उकळल्या नाहीत तर खाणाऱ्याच्या पोटात. म्हणजे मडगावच्या चौथ्या मजल्यावरून जे खाली जातं ते ताटातून त्याच मजल्यावर परत जातं.

आणि २०२४ विसरू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात कुटबण जेटीवर कॉलरा पसरला. ट्रॉलरवर राबणारे खलाशी दगावले. साळच्या मुखाशी असलेली जेटी, बोटींवर दाटीने राहणारी परप्रांतीय माणसं, पुरेसे संडास नाहीत, पिण्याच्या पाण्याचे हाल. कॉलरा हा शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी ऐकलेला, तो आमच्या जेटीवर आला. उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. मेलेली माणसं झारखंड-ओडिशाकडची असली की चार दिवसांत बातमी जुनी होते. मला तेव्हा फार लागलं ते, अजून लागतं.


रेणू_सा | रविवार, रात्री १०.४४

रापणकारदादा, शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले. लिहीत राहा.


पातळी_आणि_उतार | सोमवार, सकाळी ७.०५

माझी नोकरी मलवाहिन्यांच्या कामात गेली (गोव्यात आणि गोव्याबाहेर). सासष्टीकरांनी योग्य जागी बोट ठेवलंय. जोडण्या कमी असण्याचा त्रास फक्त नदीला होत नाही, वाहिनीलाही होतो, हे बहुतेकांना माहीत नसतं.

भूमिगत गटार उतारावर चालतं. त्यातलं पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने धावलं तर मैला, वाळू, तेलकट साका सोबत वाहून जातात. याला आम्ही स्वतःला साफ ठेवणारा वेग म्हणतो. वाहिनीचा व्यास तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी ठरवलेला असतो. जोडली फक्त निम्मी-पाव घरं, की तळाशी बोटभर पाणी रांगतं. मैला तिथेच बसतो, कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू होतो, वायूने काँक्रीट खाल्लं जातं. मग एके दिवशी मॅनहोल उफाळतो. लोक म्हणतात, बघा, सरकारी गटार तुंबलं, आपला सेप्टिक टँकच बरा. त्यामुळे आणखी कुणी जोडत नाही. हे चक्र मी अनेक गावांत बघितलं आहे.

दुसरं, सासष्टीची, म्हणजे मडगावच्या तालुक्याची, जमीन सपाट आणि समुद्राच्या पातळीला लागून. सगळं उतारावर नेता येत नाही, मध्ये मध्ये पंपिंग स्टेशन लागतात. वीज गेली आणि जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही की ओली विहीर (पंपाखालची मैलापाण्याची टाकी) भरते आणि पाणी सर्वांत खालच्या मॅनहोलमधून बाहेर. पावसात आणखी वाईट. अनेकांनी गच्चीचं आणि अंगणाचं पन्हाळ गुपचूप मलवाहिनीला जोडलेलं असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे असं केलं तर कुठलाही प्रकल्प गुदमरेल. पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांची कधीही गाठ घालू नये.

प्रक्रियेबद्दल थोडं: पणजीत टोंकला २००५ मध्ये १२.५ एमएलडीचा प्रकल्प सुरू झाला, तो एसबीआर पद्धतीचा. एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरायचं, हवा मारायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी काढायचं. पद्धत चांगली आहे, पण टाकीतले जीवाणू जिवंत ठेवायला त्यांना रोज ठरावीक खाणं लागतं. मैलापाणी कमी आलं तर ते उपाशी, पावसाचं पाणी घुसलं तर ते वाहून जातात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या बीओडीची मर्यादा महानगरांना २० आणि इतरांना ३० होती, २०१९ मध्ये हरित लवादाने १० सांगितली. नियम कडक होत गेले हे छान, पण आत येणाऱ्या पाण्याचीच खात्री नसेल तर बाहेर पडणाऱ्याची कशी देणार?


सुलभा_फातोर्डा | सोमवार, सकाळी ११.२०

कशावर अडलंय असं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मी आमच्या सोसायटीची सचिव आहे. चोवीस फ्लॅट, इमारत जुनी. समोरच्या रस्त्यावर वाहिनी येऊन बरीच वर्षं झाली.

पहिली अडचण माणसांची. अर्धे मालक इथे राहतच नाहीत. कुणी मुंबईत, कुणी लंडनला, कुणी पोर्तुगालला. भाडेकरू म्हणतात मालकाला विचारा, मालक म्हणतात पुढच्या सुट्टीत आलो की बघू. खालच्या दुकानांचे मालक वेगळे. खर्चाची वाटणी मजल्यावर करायची की क्षेत्रफळावर, यावर एक सर्वसाधारण सभा पूर्ण गेली. शेजारची इमारत पागडीची आहे, तिथे तर मूळ मालकाची एनओसी लागते आणि मालक-भाडेकरूंचा खटला चालू आहे. ती इमारत आमच्या हयातीत जोडली जाईल असं वाटत नाही.

दुसरी अडचण जमिनीची. सेप्टिक टँक पार्किंगच्या खाली. सगळे संडासांचे पाइप मागच्या बाजूला उतरतात आणि मॅनहोल पुढे रस्त्यावर. म्हणजे फरशा फोडून पूर्ण इमारतीच्या कडेने नवा पाइप. तो उतारात बसेल का ते कुणी छातीठोक सांगत नाही. एका ठेकेदाराने बघून जे सांगितलं त्याच्या दुप्पट दुसऱ्याने सांगितलं.

दरम्यान पावसाळ्यात आमचा सोकपीट (शोषखड्डा) पाणी घेत नाही. खाली जांभा, तो जून-जुलैत आधीच पाण्याने भरलेला असतो. टँक काठोकाठ येतो, तळमजल्याच्या संडासात पाणी वर यायला लागतं, मग टँकर बोलवायचा. चोवीस कुटुंबांचं रोजचं सांडपाणी वरच्या हिशेबाने, घरटी चार माणसं धरली तर, दहा हजार लिटर होतं. टँकर किती वेळा बोलवणार? म्हणून आमच्या आधीच्या समितीने टँकला वरून एक पाइप काढून गटारात सोडला. तो आजही आहे. मला रोज दिसतो आणि रोज त्रास होतो.


नितळ | सोमवार, दुपारी १.१५

सुलभाताईंनी लिहिलं ते वाचल्यावर तरी सासष्टीकरांनी सामान्य माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं थांबवावं. जोडणी घ्या म्हणणं सोपं आहे. नदीकाठची रेस्टॉरंटं, किनाऱ्यावरची हॉटेलं, मासळी बाजार, मंगल कार्यालयं, यांचं काय? बड्या मंडळींना परवाने देताना सांडपाण्याचा कागद कोण तपासतो? त्यांना हात लावायची हिंमत नाही, म्हणून चोवीस फ्लॅटवाल्यांना कायदा दाखवायचा. आणि सरकारने पैसे घेऊन वाहिन्या टाकल्या तर शेवटचे पंधरा मीटरही सरकारनेच टाकावेत.


सासष्टीकर | सोमवार, दुपारी ३.४०

नितळ, हॉटेलं आणि बाजार आधी, याला माझा पूर्ण पाठिंबा. शंभर खोल्यांचं हॉटेल एका जोडणीत कितीतरी घरांएवढं पाणी देतं, तिथून सुरुवात करणंच शहाणपणाचं. व्यापारी परवान्याचं नूतनीकरण जोडणीच्या दाखल्याशिवाय करू नये, अशी मागणी आपण मडगाव पालिकेकडे लेखी करू शकतो.

शेवटचे मीटर सरकारने टाकावेत, हे तुमचं वाक्य मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी ते टाळ्या घेण्याचं वाक्य समजत नाही. वाहिनीच्या अंदाजपत्रकातच घराच्या चेंबरपर्यंतचा खर्च धरला असता तर रस्ता दोनदा फोडावा लागला नसता आणि एनओसीच्या फेऱ्यात इमारती अडकल्या नसत्या. पाणी देताना आपण मीटरपर्यंत नळ आणतो. मैलापाणी नेताना रस्त्यावर थांबतो.

पण घरांना वगळता येणार नाही. खारेबांधच्या नाल्यात वाहणारी भाताची शितं सगळीच हॉटेलांची नाहीत.


मळ्यातलो | सोमवार, सायं. ६.०२

पणजीकरांचा अनुभव सांगतो. भूमिगत गटारं राज्यात सगळ्यात आधी आमच्याकडे आली, म्हणून आम्ही सुखी असं मडगावकरांना वाटतं. जुन्या वाहिन्या थकल्या, मग स्मार्ट सिटीच्या नावाने सगळं शहर खणलं. सांतिनेजला, मळ्याला, चर्चच्या मागे जिथे बघाल तिथे चर, मातीत रुतलेले ट्रक, दुकानांवर धूळ. ते सोसलं. सोसताना मनात एवढंच होतं की निदान सांतिनेजची खाडी मोकळा श्वास घेईल.

ताळगावच्या बाजूने येणारा तो प्रवाह शहरातून मांडवीला मिळतो. जुने लोक सांगतात त्यातून होड्या चालायच्या. आता काठावरच्या वस्त्यांना संडासाची धड सोय नाही, आणि त्याच काठावरच्या पक्क्या इमारतींचे पाइपही त्यातच उतरलेले. दोष वस्तीवर ढकलणं सोपं जातं, कारण तिथले पाइप उघडे दिसतात. इमारतींचे भिंतीआड असतात. एकदा ओहोटीला काठाने चालत जा, भिंतींतली भोकं मोजा.


मुठाकाठ | सोमवार, रात्री ८.१८

मूळचा पेडण्याचा, आता पुण्यात. आमच्या मुळा-मुठेसाठीही जायकाचंच कर्ज. २०१६ चा करार, ९९०.२६ कोटींचा प्रकल्प, ११ केंद्रं, ३९६ एमएलडी क्षमता. मुदत २०२२ ची होती आणि तोवर काम कुठे होतं ते पुणेकर जाणतात. पुण्यात लाखो घरं, नदीत येणारे अगणित नाले. मडगावची समस्या त्या मानाने हाताच्या अंतरावर आहे. एवढ्या लहान शहरातला प्रत्येक नाला माणूस पायी फिरून नकाशावर मांडू शकतो. पुण्यात हे स्वप्नातही जमणार नाही. म्हणून इथे कुणी निराश झालेलं बघवत नाही.


बांयचेंउदक | सोमवार, रात्री ९.३३

नदीबरोबर विहिरींचंही बोलूया. आमच्या भागात अजून बऱ्याच घरांत विहिरीचं पाणी पितात, नळ असला तरी. जांभा दगड भोकाभोकांचा, त्यातून पाणी गाळून न येता सरळ धावत येतं. सोकपीट आणि पिण्याची विहीर यांत भारतीय मानकाप्रमाणे १८ मीटर अंतर हवं. आपल्या वाड्यांवर दोन घरांतच तेवढं अंतर नसतं. तुमचा सोकपीट तुमच्या विहिरीपासून लांब असेल, पण शेजाऱ्याच्या विहिरीला खेटून असेल.

तपासायला सोपी बाटली मिळते, एचटूएस चाचणीची. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून खोलीत ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं की पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. मग प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. तोवर उकळून प्या. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर चांगल्या प्रतीची, हजार लिटरला अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी सोडायचं. पहिल्या पावसानंतर हे करायलाच हवं, कारण वर्षभर साठलेलं तेव्हाच खाली उतरतं.


रेणू_सा | सोमवार, रात्री ९.५८

आमच्या वाड्यावर अशीच एक विहीर काळी निघाली. ज्या घरची ती, त्या आजी मानायलाच तयार नव्हत्या. पाणी गोड लागतं, थंड आहे, पिढ्या वाढल्या यावर. बाटली त्यांच्याच देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच बघितली. आता उकळतात.


रापणकार_केळशी | मंगळवार, सकाळी ६.४०

टँकरचा विषय सुलभाताईंनी काढला म्हणून विचारतो. मैला भरून गेलेला टँकर रिकामा कुठे होतो? आमच्या बाजूला रात्री उशिरा टँकर शेताच्या बांधाला लागतो आणि सकाळी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, आतल्या पाण्याला वास येतो. खाजन शेतीचं (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचं) पाणी मानशीवर चालतं. ओहोटीला दार आपोआप उघडतं, आतलं पाणी बाहेर, भरतीला बंद. दार सडलेलं, बांधाला भगदाड, त्यात हा मैला. बाहेर जात नाही, आतच फिरतो. मग कुर्ल्या-शेवटे कसे टिकतील?


पातळी_आणि_उतार | मंगळवार, सकाळी ७.३०

टँकर प्रक्रिया प्रकल्पातच रिकामा व्हायला हवा. सोसायट्यांनी एक करावं: टँकरवाल्याला पैसे देण्याआधी प्रकल्पात खाली केल्याची नोंद मागायची, गाडीचा नंबर आणि वेळ आपल्या वहीत लिहायची. स्वस्तातला टँकर स्वस्त का पडतो, याचं उत्तर रापणकारांच्या बांधावर आहे.

आणि कृपा करून टँकमध्ये किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. दोनशे-पाचशे रुपयांसाठी कुणीतरी उतरायला तयार होतो. आत वायू साचलेला असतो, पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. माझ्या नोकरीत मी असं एक कुटुंब पाहिलं आहे. रकमेने काही भरून येत नाही.

सुलभाताई, तुमच्याकडच्या पातळीचं बोलू. मागचे पाइप पुढच्या मॅनहोलला उतारात जातात का, हे अंदाजाने ठरत नाही. तीन मापं लागतात: शेवटच्या संडास-चेंबरचा तळ, रस्त्यावरच्या मॅनहोलचा तळ, आणि दोन्हींमधलं पाइपच्या मार्गाचं अंतर. सहा इंची पाइपला साठ मीटरमागे एक मीटर उतार मिळाला तर काम होतं. नाही मिळाला तर सेप्टिक टँक फोडून टाकू नका, गाळ उपसून, स्वच्छ करून त्याच जागी पंपाची टाकी करता येते. दोन पंप हवेत, एक चालू, एक राखीव. दोन ठेकेदारांच्या दरांतला फरक बहुधा यातूनच आला असेल. एकाने उतार धरला, दुसऱ्याने पंप.


सुलभा_फातोर्डा | मंगळवार, दुपारी १२.१०

हे मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं, ना ठेकेदारांनी, ना कचेरीत. आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा आधी इमारतीचा मूळ आराखडा आणा म्हणाले, आणि बिल्डर केव्हाच गायब. आराखड्याशिवाय अर्ज पुढे सरकतो का?


नितळ | मंगळवार, दुपारी १२.४५

सुलभाताई, आमच्या इमारतीचा आराखडा पालिकेच्या तांत्रिक विभागात मिळाला. भोगवटा दाखल्याच्या फाइलमध्ये असतो. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर तीस दिवसांत द्यावा लागतो. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, व्यक्तिगत संदेशातून पाठवतो. परवान्यांच्या मागणीचं निवेदनही मीच लिहायला घेतो, सासष्टीकरांनी वाचून द्यावं.


सासष्टीकर | मंगळवार, रात्री ९.०५

नितळ, जरूर पाठवा, उद्याच वाचतो. मुठाकाठ यांची नाले पायी फिरून नकाशावर मांडायची सूचना मी मनावर घेतली आहे. तळसांझर नाल्यापासून खारेबांधपर्यंत सुरुवात करू. रविवारी ओहोटी सकाळची आहे, मिरगाचोपावस आणि मी नक्की आहोत. गमबूट घाला, पाण्यात हात घालू नका. प्रत्येक पाइपचा फोटो, जागा आणि पाणी चालू होतं की नाही एवढंच नोंदवायचं. इमारतीचं नाव या धाग्यावर टाकायचं नाही. आधी त्या सोसायटीला भेटायचं, त्यांचं काय अडलंय ते विचारायचं. ती यादी सार्वजनिक बांधकाम खातं आणि पालिकेकडे देऊ.


पातळी_आणि_उतार | मंगळवार, रात्री ९.४०

मी येतो. लेव्हल घेण्याचं यंत्र माझ्याकडे आहे, परतताना फातोर्ड्याला सुलभाताईंच्या इमारतीची मापंही घेऊन टाकू. ताई, मागचे चेंबर कुठे आहेत ते शनिवारी शोधून झाकणं मोकळी करून ठेवा, पण उघडू नका. आणि रस्त्यावरच्या मॅनहोलवर त्या दिवशी कुणाची गाडी उभी नसेल एवढं बघा.